साथीदारांची नावं गाण्यावर कशी चढवायची: वितरणाचं पोर्टल बांधणाऱ्या नवख्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात आता घरातल्या एका खोलीत गाणं रेकॉर्ड होतं आणि थोड्याच दिवसांत ते स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, यूट्यूब म्युझिकवर दिसायला लागतं. गायिकेचं नाव दिसतं, लेबलचं दिसतं. चौंडकं कुणी वाजवलं, पेटीवर कोण होतं, मधलं कन्नड कडवं कुणी लिहिलं, याचा पत्ता नसतो. बहुतेक वेळा कुणी मुद्दाम नाव गाळलेलं नसतं. अपलोडच्या फॉर्ममध्ये त्याला जागाच नसते, किंवा असते ती 'इतर माहिती' नावाच्या एका रिकाम्या चौकोनात.

एका छोट्या वितरण सेवेसाठी (कलाकाराचं गाणं या प्लॅटफॉर्मपर्यंत पोचवणारी ती वितरण सेवा) हा श्रेयांचा भाग मी बेळगावात बसून बांधला आहे. अशी सेवा किंवा एखाद्या लेबलचं स्वतःचं पोर्टल बांधायला घेतलेल्या डेव्हलपर-डिझायनर मंडळींसाठी हे लिहितोय. डेटाबेस म्हणजे काय हे माहीत आहे असं धरलंय. संगीताच्या धंद्यातलं काही माहीत नसलं तरी अडणार नाही.

आधी हे गोळा करा

- डीडेक्सची ईआरएन प्रमाणपद्धती. गाण्याची माहिती वितरकाकडून प्लॅटफॉर्मकडे ज्या एक्सएमएल साच्यात जाते, तो हा साचा. वापरायचा परवाना फुकट मिळतो, पण तो घ्यावा लागतो.
- ज्या प्लॅटफॉर्मना गाणी पाठवणार, त्या प्रत्येकाची स्टाइल गाइड. ही बदलत राहते, म्हणून जुनी पीडीएफ कुणी दिली तर तिच्यावर विसंबू नका.
- आयएसआरसी, म्हणजे प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख-कोड, देण्याची सोय. भारतात हे काम इंडियन म्युझिक इंडस्ट्री, म्हणजे आयएमआय ही संस्था बघते.
- प्रत्येक रिलीजसाठी बारकोड.
- कलाकाराकडून: पॅन, बँक पासबुकाचं पहिलं पान, आधीचं कलाकार-पान असेल तर त्याची लिंक, आणि आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासद असेल तर त्याचा आयपीआय क्रमांक, म्हणजे गीतकार-संगीतकाराचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक.
- संमतीपत्र मराठी, कन्नड आणि इंग्रजीत. छापील प्रतीही ठेवा, का ते पुढे येईल.

१. रचना, रेकॉर्डिंग आणि रिलीज वेगळे ठेवा

एक अभंग घ्या. शब्द तुकोबांचे, चाल गावातल्या बुवांची, गायलाय त्यांच्या मुलीनं. तेच रेकॉर्डिंग आधी एकटं बाहेर आलं आणि मग आषाढीच्या अल्बममध्येही गेलं. इथे रचना एक, रेकॉर्डिंग एक, रिलीज दोन. उद्या बुवांनी स्वतः तोच अभंग गायला तर रचना तीच राहते, रेकॉर्डिंग नवं होतं.

गीतकार आणि संगीतकार रचनेला जोडायचे. गायक, वादक, मिक्सिंग करणारा हे रेकॉर्डिंगला. लेबल, कव्हर, प्रकाशनाची तारीख रिलीजला. हे तिन्ही एकाच टेबलात कोंबलं की पुढे प्रत्येक दुरुस्ती तीन ठिकाणी करावी लागते आणि एक ठिकाण राहून जातं.

आयएसआरसी हा रेकॉर्डिंगचा कोड: पाच अक्षरा-अंकांचा प्रीफिक्स, वर्षाचे दोन अंक आणि पुढे पाच अंकी क्रमांक, मिळून १२. वाचायला सोपं म्हणून मध्ये आडव्या रेघा देतात, पण साठवताना आणि पाठवताना त्या काढा. हा कोड प्रायमरी की म्हणून वापरायचा मोह होईल. वापरू नका. मसुद्यात असलेल्या रेकॉर्डिंगला तो अजून मिळालेलाच नसतो.

२. नाव टाइप करू देऊ नका, माणूस निवडू द्या

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा.

'कलाकाराचं नाव' असा मोकळा टेक्स्ट बॉक्स ठेवला की तोच माणूस दहा स्पेलिंगांनी दहा वेळा जन्माला येतो. म्हणून दोन टेबलं करा. एक व्यक्तींचं, दुसरं त्यांच्या नावांचं. प्रत्येक नावासोबत भाषा, लिपी आणि प्रकार नोंदवा: कागदोपत्री नाव, रंगमंचावरचं नाव, गावात चालणारं नाव.

हे किती गरजेचं आहे ते आपल्याच जिल्ह्यातल्या उदाहरणावरून कळतं. १९२४ साली सुळेभावीत जन्मलेले शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी जगाला कुमार गंधर्व म्हणून माहीत आहेत. रामभाऊ कुंदगोळकर म्हणजे सवाई गंधर्व, नारायण श्रीपाद राजहंस म्हणजे बाल गंधर्व. तुमच्या शोधपट्टीत नुसतं 'गंधर्व' टाकलं तर हे तिघे वेगळे दिसले पाहिजेत, आणि 'कोमकळी' टाकलं तर कुमारजी सापडले पाहिजेत. या तिघांची गाठ सुटली तर तुमची रचना ठीक आहे असं समजा.

पं., ह.भ.प., शाहीर, बुवा ही बिरुदं वेगळ्या रकान्यात ठेवा. एका गाण्यावर 'ह.भ.प.' लावून आणि दुसऱ्यावर न लावता नाव गेलं की प्लॅटफॉर्मवर त्याच माणसाची दोन पानं तयार होऊ शकतात, आणि ऐकणारे दोघांत वाटले जातात.

आता खास आपल्याकडचे सापळे.

आधार कार्डावर इथे नाव कन्नड आणि इंग्रजीत असतं. देवनागरी नाव त्यावर मिळणार नाही, ते माणसालाच विचारायचं. इंग्रजीवरून यंत्राला देवनागरी करायला सांगितलं की कदमांचे कडम होतात. उलट बाजूनं चौगुले हे आडनाव इंग्रजीत एकाच घरात भाऊ-भाऊ वेगळं लिहितात, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, कारण प्रत्येकाच्या पॅनवर तसंच आहे. तुम्ही सुधारायला जाऊ नका. गावांच्या नावांचंही तेच: बेळगाव की बेळगावी, हे कलाकार सांगेल तसं लिहा, फॉर्ममध्ये ड्रॉपडाउन लादू नका. नावावरून इथे आधीच पुरेशी भांडणं आहेत.

मंडळी नावं बहुतेक वेळा कार्यक्रमाच्या फ्लेक्सच्या फाइलमधून उचलून चिकटवतात. ती फाइल श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असते. डिझाइनवाल्याच्या संगणकावर 'पखवाज साथ' असं स्वच्छ दिसणारं तुमच्या रकान्यात नुसता अक्षरांचा चुरा होऊन पडतं. चिकटवलेल्या मजकुरात देवनागरी, कन्नड किंवा इंग्रजी अक्षरांपेक्षा चिन्हंच जास्त असतील तर तिथेच थांबवा आणि पुन्हा टाइप करायला सांगा.

युनिकोडमध्ये लिहिलं तरी 'ऱ' दोन तऱ्हेनं साठवला जातो: अख्खं एक अक्षर म्हणून, किंवा 'र'खाली नुक्ता देऊन. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण 'कुऱ्हाडे' शोधल्यावर निम्मे कुऱ्हाडे सापडत नाहीत. साठवण्याआधी सगळा मजकूर एनएफसी रूपात, म्हणजे युनिकोडच्या एकाच ठरलेल्या रूपात, आणा. माउली आणि माऊली हा फरक मात्र एनएफसीनं जात नाही. भजनी मंडळांच्या नावात तो पावलोपावली आहे, त्यासाठी शोधात ऱ्हस्व-दीर्घाची सूट ठेवावी लागेल.

फोन नंबर ही माणसाची ओळख मानू नका. एका घरात सासू ओव्या म्हणते, सून गाते, नातू ढोलकी वाजवतो आणि फोन एकच असतो, तोही नातवाच्या खिशात. फोन नंबर युनिक ठेवला की या घरातला फक्त पहिला माणूस नोंदला जातो.

एवढं करूनही दुबार नोंदी होणारच. त्या एकत्र करायचं बटण पहिल्या दिवसापासून द्या, आणि एकत्र केलेलं पुन्हा वेगळं करायचंही.

३. भूमिका इथल्या शब्दांत विचारा

डीडेक्समध्ये भूमिकांची आणि वाद्यांची ठरलेली यादी आहे. ती यादी जशीच्या तशी फॉर्ममध्ये टाकली तर भजनी मंडळाचा सेक्रेटरी दुसऱ्या ओळीवर थांबतो. पडद्यावर पेटी, तबला, पखवाज, टाळ, ढोलकी, हलगी, संबळ, दिमडी, तुणतुणं, चौंडकं असे शब्द ठेवा. कन्नड आवृत्तीत त्यांचे कन्नड शब्द. आत प्रत्येकाला यादीतल्या प्रमाण नावाशी जोडा. यादीत न सापडणारं वाद्य 'युझर डिफाइन्ड' म्हणून स्वतःच्या नावानिशी पाठवता येतं. ते सोडून 'पर्कशन' असं ठोकळ लिहिणं हा आळस आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या वाटेवरच्या गाण्यात चौंडकं नसेल तर उरतं काय?

एका माणसाला एका रेकॉर्डिंगवर कितीही भूमिका घेता आल्या पाहिजेत. इथे गाणाराच बऱ्याचदा चाल लावतो, पेटीही धरतो आणि रात्री मिक्सिंगही तोच करतो.

मंडळ हीसुद्धा एक 'व्यक्ती' धरा आणि तिला सभासद जोडा, पण तारखांसकट. मंडळातली माणसं बदलतात. यंदा गेलेल्या टाळकऱ्याचं नाव मागच्या वर्षीच्या रेकॉर्डिंगवरून पुसलं जाता कामा नये, आणि नव्या पोराचं त्याच्यावर चढता कामा नये.

विचारायच्या पद्धतीबद्दलही थोडं. "तुमचं नाव घालू का?" असं विचारलंत की समोरून हमखास येतं, "माझं कशाला घालतासा? मी नुसतं चौंडकं धरलंय." हा नकार नसतो, संकोच असतो. प्रश्न "तुमचं नाव कसं लिहायचं?" असा ठेवा. फॉर्ममध्येही 'श्रेय द्यायचं' हा पर्याय आधीच निवडलेला असू द्या. नको असेल त्यानं काढावा.

४. मुख्य, फीचर्ड आणि साथ

प्लॅटफॉर्मना तीन थर कळतात. मुख्य कलाकार, ज्यांच्या पानावर गाणं आपलं म्हणून येतं. फीचर्ड कलाकार, जो पाहुणा म्हणून आलाय. आणि बाकी सहभागी, ज्यांची नावं श्रेययादीत दिसतात. कोण कुठे, हे तुम्ही ठरवू नका. पण तिघांचा परिणाम काय होतो ते फॉर्ममध्येच एका ओळीत आणि नमुन्याच्या चित्रानं दाखवा. लोक 'फीचर्ड' हा मान समजून पखवाजवाल्याला तिथे टाकतात आणि मग शीर्षक कंसांनी फुगतं.

जुन्या कॅसेटवर 'अमुक शाहीर आणि पार्टी' असं छापत. ते एका रकान्यात तसंच टाकलं तर 'अमुक शाहीर आणि पार्टी' नावाचा तिसराच कलाकार जन्मतो, आणि शाहिरांच्या खऱ्या पानावर गाणं पोचतच नाही. एका रकान्यात एकच नाव. मुख्य कलाकाराच्या नावात 'आणि', 'व', स्वल्पविराम किंवा अँडचं चिन्ह दिसलं की विचारा: ही दोन माणसं आहेत की हे एकाच जोडीचं ठरलेलं नाव आहे?

मुख्य कलाकार तीन-चाराच्या वर गेले की अल्बमच्या पातळीवर बऱ्याच ठिकाणी 'व्हेरियस आर्टिस्ट्स' लिहावं लागतं. गाण्याच्या पातळीवर नावं जशीच्या तशी राहतात. हे आधी सांगितलं नाही तर रिलीजच्या दिवशी मंडळाचा अध्यक्ष फोन करतो.

क्रमही साठवा, आकड्यानं. अकारविल्हे लावून मोकळं होऊ नका. आधी बुवांचं की आधी गाणाऱ्या मुलीचं, हा वाद त्यांनी रेकॉर्डिंगच्या दिवशीच मिटवलेला असतो. तुमच्या सॉफ्टवेअरनं तो उकरून काढू नये.

५. पारंपरिक रचना

संतांचे अभंग, पुरंदरदासांची पदं, बसवण्णांची वचनं यांच्यावर आज कुणाचा कॉपीराइट नाही. भारतात गीत-संगीतावरचा हक्क कर्त्याच्या हयातीनंतर ६० वर्षं टिकतो. म्हणून गीतकार म्हणून संतांचं नाव द्यायचं, पण त्यांच्या नावे रॉयल्टीचा वाटा मांडायचा नाही. चाल नवी असेल तर संगीतकार जिवंत माणूस आहे आणि त्याचं श्रेय पूर्ण आहे. चालही जुनीच असेल तर 'पारंपरिक' आणि सोबत संयोजन करणाऱ्याचं नाव.

कर्ता माहीत नसलेल्या ओव्या आणि यल्लम्माची गाणी यांच्यासाठी मी एक जादा रकाना ठेवतो: 'हे गाणं कुणाकडून मिळालं'. प्लॅटफॉर्मवर तो बहुतेक दिसणार नाही, पण तुमच्या नोंदीत राहील. एखादा निर्माता 'पारंपरिक'वर आपलं नाव गीतकार म्हणून चढवू पाहतो, तेव्हा ही नोंद उपयोगी पडते.

भाषेचे रकाने दोन हवेत: शीर्षक कुठल्या भाषेत आहे आणि गायलंय कुठल्या भाषेत. इथे एकाच बैठकीत अभंगामागून दासपद येतं, आणि एकाच गाण्यात धृपद मराठी, कडवं कन्नड असं सर्रास असतं. कोकणीसाठी तीन अक्षरी कोड लागतो, तिला दोन अक्षरी कोड नाही. तुमचा रकाना दोनच अक्षरं घेत असेल तर कारवारच्या पहिल्याच गाण्यावर फॉर्म अडेल.

६. श्रेय एका टेबलात, पैसा दुसऱ्यात

नाव आलं म्हणजे पैसे आले, असा समज सगळीकडे आहे. प्लॅटफॉर्म पैसे वितरकाला देतो, वितरक खातेदाराला. श्रेययादीतल्या नावाला आपोआप काही जात नाही. ज्याला वाटा आहे त्याचं श्रेय असेलच असं नाही, आणि ज्याचं श्रेय आहे त्यानं कधी रोख मानधन घेऊन हिशेब मिटवलेला असतो. दोन्ही एकाच टेबलात ठेवले की कुणाचा तरी वाटा शून्य दिसतो म्हणून त्याचं नावच काढलं जातं.

वाटे दशांशात साठवू नका. तिघांना प्रत्येकी ३३.३३ टक्के दिले की बेरीज ९९.९९ होते आणि फॉर्म पुढे सरकत नाही. शंभर टक्क्यांचे १०,००० भाग धरा, पूर्णांक ठेवा आणि उरलेला एक भाग कुणाकडे जाणार ते आधी ठरवा.

वितरणातून येणारा पैसा हा एकच झरा नव्हे, हे मदतपानावर लिहा. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी आयपीआरएसमार्फत येते, गायक-वादकांसाठी इसाम्रा ही संस्था आहे. तिथलं सभासदत्व ज्यानं त्यानं घ्यायचं. पण तुम्ही पाठवलेल्या नोंदीत त्याचं नावच नसेल तर तिथला दावा जुळवताना तो अडकतो.

७. संमती आणि कागद

कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ ब नुसार सादर करणाऱ्या कलाकाराला आपली ओळख त्या सादरीकरणाशी जोडली जावी हे मागण्याचा हक्क आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला समान वाटा वारस किंवा हक्कसंस्था सोडून दुसऱ्या कुणाला लिहून देता येत नाही, सोडूनही देता येत नाही. नेटवर फिरणाऱ्या बऱ्याच तयार संमतीपत्रांत 'मी सर्व रॉयल्टीवरील हक्क कायमचा सोडत आहे' असं एक वाक्य असतं. ते तुमच्या साच्यात येऊ देऊ नका. साचा वकिलाला एकदा दाखवा.

संमती मिळवायची ती ईमेलनं मिळणार नाही. व्हॉट्सॲपवर लिंक पाठवा, लिंक उघडल्यावर लॉगिन मागू नका. फक्त नाव, भूमिका, क्रम आणि 'बरोबर आहे' किंवा 'दुरुस्त करा' ही दोन बटणं. जांबोटी-कणकुंबीकडे रेंज येते-जाते. तिथे छापील फॉर्म, सही किंवा अंगठा आणि त्याचा फोटो हेच चालतं. फॉर्म रेकॉर्डिंगच्या दिवशीच, माईक उतरवायच्या आधी भरून घ्या. चहा होऊन जीप निघाली की दुसरा टाळकरी कोण होता हे विचारायला कुणी सापडत नाही.

लहान मुलं गात असतील तर पालकांची सही घ्या. कुणी वारलं असेल तर श्रेय तसंच राहतं. फक्त वाट्यासमोर वारसाचं बँक खातं येतं.

८. पाठवण्याआधी

'सबमिट' दाबल्यावर थेट पाठवू नका. गाणं प्लॅटफॉर्मवर जसं दिसेल तसं पान दाखवा, मोबाइलच्या रुंदीत, लांब नावं कुठे कापली जातात त्यासकट. तिथेच या गोष्टी तपासा: निदान एक मुख्य कलाकार, निदान एक संगीतकार किंवा 'पारंपरिक', गीतकार-संगीतकाराचं पूर्ण नाव, आणि प्रत्येक मुख्य कलाकारासमोर आधीच्या पानाची लिंक किंवा 'नवीन कलाकार' अशी खूण.

ही शेवटची खूण सक्तीची ठेवा. ती नसली की प्लॅटफॉर्म नावावरून अंदाज लावतो, आणि पाटील, जाधव, देसाई अशा आडनावांच्या गर्दीत तुमच्या गायिकेचा अभंग पुण्याच्या एखाद्या रॅपरच्या पानावर जाऊन बसतो. तिथून तो हलवायला पत्रव्यवहार करावा लागतो.

९. दुरुस्त्या

नाव सुधारायचं असेल तर रेकॉर्डिंग तेच आहे, म्हणून आयएसआरसी तोच ठेवा आणि फक्त माहिती पुन्हा पाठवा. गाणं काढून नव्यानं चढवलं तर तोपर्यंतचे प्लेज आणि प्लेलिस्टमधल्या जागा जाऊ शकतात. वितरक बदलतानाही जुनाच कोड न्यायचा असतो.

कुणी, कधी, काय बदललं याचा इतिहास ठेवा आणि बदल होताच त्या नावाच्या माणसाला कळवा. रिलीज झालेल्या गाण्यावरचं नाव खातेदाराला एकट्यानं काढता येऊ नये. तशी मागणी आली की ज्याचं नाव आहे त्याच्याकडे लिंक जावी. त्यानं उत्तर दिलं नाही तर नाव तसंच राहील, असा नियम आम्ही ठेवलाय. एका निर्मात्यानं त्यावर बरीच आदळआपट केली. नियम बदललेला नाही.